साच्यांतील रिकामी जागा

शाळा सोडल्याचा दाखला तुम्हीं पाहिला असेलच. त्यांतील मजकूर सर्वांस एकच. नांव, आईचें नांव, जन्मतारीख, इयत्ता एवढेंच काय तें बदलतें. हातानें दाखला लिहिणारा लेखनिक जनरल रजिस्टर पाहून जागा भरी, आणि तारीख न सांपडल्यास त्याचा टांक आपोआप थांबे. हेंच काम संगणकाकडून करवून घ्यावयाचें म्हणजे त्यास एक साचा द्यावा लागतो. साच्यांत महिरपी कंसांत 'जन्मतारीख' असें पद लिहितात. त्याच्या जागीं यंत्र नोंदींतील किंमत घालितें. अशा पदास चल म्हणतात.

परंतु नोंदींत ती किंमतच नसली तर?

२००८ सालीं निघालेली पायथन भाषेंतील 'जिंजा २' ही साचाप्रणाली, तिला निराळें कांहीं न सांगितल्यास, ती जागा मुकाट्यानें कोरी सोडिते. पायथनच्या स्वतःच्या साध्या साच्यांत दोन वाटा आहेत : एक काम तेथेंच थांबवून चूक दाखविते, दुसरी तें पद जसेंच्या तसें राहूं देते. संकल्पांत 'अमुक गोत्र' या शब्दांच्या जागीं यजमानाचें गोत्र न घालतां कोणी 'अमुक' असेंच म्हटलें, तर त्यांतला हा प्रकार. ऐकणारास हंसूं येईल, पण उणीव कळेल खरी.

आमच्या मतें कोरी जागा या तिहींत वाईट. साच्यांत एका ऱ्हस्व-दीर्घाची चूक होऊन 'जन्मतारीख'चें 'जन्मतारिख' झालें, तर नोंदींत तारखा असूनहि साऱ्या वर्गाचे दाखले तारखेवांचून छापले जातील. (शुद्धलेखनाचे गुण कापले कीं रुसणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.) पुढें प्रवेशाच्या वेळीं ती उणीव उघडकीस येते, आणि आईबापांस दिवसाची मजुरी बुडवून वाडीवस्तीवरून मोडनिंबास पुन्हा यावें लागतें.

म्हणून अशा कामीं जिंजास 'अज्ञात पद आढळतांच थांब' अशी कडक आज्ञा द्यावी. तशी सोय तींत आहे. पर्यायी शब्द आधीं देऊन ठेवण्याचीहि सोय आहे. 'शेरा' या जागीं 'नाहीं' हा पर्याय चालेल. आईच्या नांवाच्या जागीं मात्र कोणताहि पर्याय खोटाच ठरेल.

येथें एक खोंच आहे. नोंद मुळींच नसणें आणि नोंद असून ती रिकामी असणें या गोष्टी यंत्रास भिन्न वाटतात. कडक आज्ञा पहिलीस अडविते, दुसरीस नाहीं. रकाना कोरा राहिला असेल तर दाखलाहि निमूटपणें कोरा छापून येईल. तेव्हां छपाईपूर्वीं रिकामे रकाने निराळे तपासले पाहिजेत.

संगणकाच्या तासाला हें करून पाहावें. तीन मुलांच्या नोंदी घ्याव्या. एकींतून जन्मतारीख अजीबात काढावी, दुसरींत ती रिकामी ठेवावी, तिसरी पूर्ण असूं द्यावी. मग कडक आज्ञेसह व आज्ञेवांचून काय छापून येतें, तें वहींत उतरून घ्यावें.