पॉलिशचे पॅड किती इंची घ्यावे?

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्यासारख्या (जि. बुलडाणा) गावात गाडीवर धूळ बसते आणि मालक ती कोरड्या फडक्याने पुसतो. मग उन्हात रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. ते काढण्याचे काम आपल्या पेंटर बांधवांकडे येते.

मोठ्या पॅडने काम लवकर उरकते, हा समज अर्धाच खरा आहे. ७ इंची पॅडचे क्षेत्रफळ ५ इंचीच्या जवळपास दुप्पट असते. तेवढाच जोर लावला तर दाब निम्माच पडतो आणि ओरखडे राहून जातात. हलके डबल ॲक्शन मशीन तर मोठ्या पॅडने मंदावते. म्हणून दरवाजे व मडगार्डसाठी ५ इंची, बॉनेट व टपासाठी ६ इंची आणि बंपर, खांब व आरशांसाठी ३ इंची पॅड आम्ही सुचवतो. मागची प्लेट पॅडपेक्षा थोडी लहान असावी, नाहीतर तिची कडा रंगाला लागते.

रंगावरचा लॅकरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनच असतो, कडेला त्याहून पातळ. तो घासून गेला की पत्रा नव्याने रंगवावा लागतो व खर्च कारागिराच्या अंगावर येतो. तेव्हा आधी वीतभर जागेत करून पाहा, ग्राहकाला दाखवा, मगच पुढे जा.