अर्नेस्ट की ॲडव्हान्स?

‘अर्नेस्ट मनी काय नि ॲडव्हान्स काय, एकच हो!’ घराच्या व्यवहारात एजंटने केलेला हा खुलासा मला आता ऐकवत नाही. दोन्ही एकच असतील, तर व्यवहार फिसकटल्यावर हीच मंडळी मसुद्यातल्या नेमक्या एका शब्दावर बोट का ठेवतात? अर्नेस्ट मनी म्हणजे आपला विसार. तो शब्द पाळण्याची हमी म्हणून दिलेला असतो. व्यवहार पुरा झाला तर किमतीत वळता होतो, आणि खरेदीदाराने पाय मागे घेतला तर बुडू शकतो. ॲडव्हान्स हा नुसता किमतीचा भाग. विक्रेत्याचं नुकसान झालं असेल तर ते त्याने वेगळं मागावं, पण ॲडव्हान्स सरसकट गिळता येत नाही. सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हाच फरक धरला आणि रक्कम जप्त करायची तर करारातली अट स्पष्ट हवी, असं सांगितलं. शब्दकोशात शेजारी बसणारे शब्द कायद्यात असे फारकत घेतात. १९३०च्या मालविक्री कायद्याचं १२वं कलम बघा: ‘कंडिशन’ मोडली तर करार नाकारता येतो, ‘वॉरंटी’ मोडली तर फक्त भरपाई मागता येते.

यावर जाणकार म्हणतील, कोर्ट लेबल बघत नाही, करारामागचा हेतू बघतं. खरं आहे. त्याच १२व्या कलमात लिहिलंय की करारात वॉरंटी म्हटलेली गोष्टही कंडिशन असू शकते. पण हेतूचा निकाल लागेपर्यंत पैसे कुणाच्या खात्यात असतात? ज्याने शब्द निवडला त्याच्या. म्हणून शब्दाचा अर्थ विचारत बसू नका, परिणाम विचारा: मी माघार घेतली तर यातले किती परत, बँकेने कर्ज नाकारलं तर किती, आणि कधीपर्यंत? उत्तर तोंडी नको, मसुद्यात हवं. विसाराचा आकडा वेगळा आणि लहान ठेवा, उरलेली रक्कम ‘पार्ट पेमेंट’ म्हणून स्वतंत्र लिहून घ्या, पावतीवरही तेच शब्द येऊ द्या. सही घाईत करू नये, हे काय सांगायचं! आणि ‘आमचा फॉरमॅट ठरलेला असतो’ असं कुणी म्हणालं, तर चेकबुक पिशवीतच राहू द्या. फॉरमॅट संगणकावरच असतो, दोन मिनिटांत बदलतो.