शत्रूचा शत्रू

चेन्नईतील अंगणात किंवा गच्चीवर लावलेल्या जास्वंदीच्या शेंड्यांवर कधी कधी कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. खवले किडीच्या वर्गातील हा पिठ्या ढेकूण होय. तो झाडाचा रस शोषतो. अंगावरील मेणचट आवरणामुळे फवारलेले औषध त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही.

या किडीचा उपद्रव तामिळनाडूने मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. २००८ मध्ये कोइमतूर येथे पपईवरील पिठ्या ढेकूण भारतात प्रथमच आढळला. तो मूळचा मेक्सिकोकडील. त्याला आवरणारे परोपजीवी कीटक येथे नव्हते. पपई, तुती, टॅपिओका, जास्वंद अशी अनेक झाडे सुकू लागली. शेतकऱ्यांनी वारंवार विषारी औषधे फवारली, तरी कीड हटेना. अखेर २०१० मध्ये बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी प्वेर्तो रिकोहून तीन जातींचे इवलेसे परोपजीवी कीटक आणवले. हे कीटक पिठ्या ढेकणाच्या शरीरात अंडी घालतात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या त्याला आतून खातात. काही महिन्यांतच कीड आटोक्यात आली.

म्हणून घरच्या बागेत कीड दिसताच किडलेला शेंडा छाटून नष्ट करावा, पाने साबणाच्या सौम्य पाण्याने धुवावीत आणि गोड स्रावाच्या लोभाने किडीची राखण करणाऱ्या मुंग्यांना दूर ठेवावे. विषारी फवारणी मात्र टाळावी; तिने शत्रूआधी मित्रच मरतात.