मृगजळ कोण पाहते?



वैशाखातल्या भर दुपारी इंदापूरहून बारामतीकडे येताना जिरायत पट्ट्यातला डांबरी रस्ता पाहा. थोड्या अंतरावर पाणी साचल्यासारखे दिसते. जवळ जावे तो ते पुढे सरकते. असे का होते? तापलेल्या डांबराला लागून असलेली हवा विरळ होते. आकाशातून खाली येणारा प्रकाश त्या हवेत वाकतो, वर वळतो आणि रस्त्याकडून आल्यासारखा आपल्या डोळ्यांत शिरतो. म्हणजे डोळा खोटे बोलत नाही, चकाकी खरीच आहे. मग 'हे पाणी आहे' असे कोण म्हणाले? मन म्हणाले.

याला आपण मृगजळ म्हणतो आणि बिचाऱ्या हरणाला मूर्ख ठरवतो. आपल्या बारामती तालुक्यात सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात आणि इंदापूरच्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा हरणे आहेत. अगदी थोड्या पाण्यावर तगून राहणारा हा प्राणी आहे. भ्रम आपला आणि नाव हरणाचे, हीही एक गंमतच!

भगवान बुद्धांनी संज्ञेला मृगजळाचीच उपमा दिली आहे. संयुत्त निकायातील फेण सुत्तात ती येते. गंगेच्या काठी भिक्खूंना उपदेश करताना त्यांनी पाच स्कंध समजावले. रूप हे नदीवरच्या फेसासारखे, वेदना पावसाच्या बुडबुड्यासारखी, संज्ञा मृगजळासारखी, संस्कार केळीच्या खोडासारखे आणि विज्ञान जादूगाराच्या खेळासारखे. ज्यांनी केळीच्या बागेत रोजाने काम केले आहे त्यांना खोडाची उपमा फोडून सांगायला नको. सोपट सोलत जा, आत कठीण गाभा म्हणून सापडत नाही.

येथे शब्दांनी फसू नका. धम्मातील 'वेदना' म्हणजे केवळ दुखणे नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशी सर्व जाणीव तीत येते. 'संस्कार' म्हणजे बारसे किंवा लग्न नव्हे, तर मनाला पडलेली वळणे. 'विज्ञान' म्हणजे शाळेतला विषय नव्हे, तर जाणणे. आणि 'संज्ञा' म्हणजे समोर आलेल्या गोष्टीवर ओळखीची खूण मारणे.

ही खूण कशी बसते ते मज्झिम निकायातील मधुपिंडिक सुत्तात सांगितले आहे. एखादा माणूस रात्रपाळीचे पाणी द्यायला उसात गेला आहे. सळसळ होते. कान, आवाज आणि ऐकण्याची जाणीव ही तिन्ही एकत्र आली की स्पर्श घडतो. स्पर्शातून वेदना उठते, काळजात धस्स होते. मग संज्ञा, मग विचार, मग विचारांचा पसारा. एक म्हणतो बिबट्या, दुसरा म्हणतो भूत, तिसरा उंदीर म्हणून बिडी पेटवतो. सळसळ एकच होती.

हे पोथीतले म्हणून मानू नका, घरी करून पाहा. कागदावर आठ सेंटिमीटर अंतरावर डावीकडे फुली आणि उजवीकडे ठिपका काढा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत, हात लांब धरलेला कागद सावकाश जवळ आणा. सुमारे एक फुटावर ठिपका नाहीसा होतो. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी शीर जिथून निघते तेवढ्या जागी आपल्याला दिसतच नाही. पण तिथे भोक दिसते का? नाही. कोरा कागद दिसतो. उणीव मनाने भरून काढलेली असते आणि आपल्याला पत्ताही नसतो. माझ्या वर्गातली मुले हा प्रयोग केल्यावर एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात!

आता मुद्द्यावर येतो. डोळ्याला रंग दिसतो, आकार दिसतो, हालचाल दिसते. विटाळ कोणाच्या डोळ्याला आजवर दिसला आहे? तरीही पिढ्यान् पिढ्या माणसे तो 'पाहत' आली. आईबापांनी शिकवले, गावाने घटवून घेतले आणि मनाने समोरच्या माणसावर खूण मारली. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात जातीचे मूळ माणसाच्या धारणेत दाखवले ते याच अर्थाने. यावरून कोणी असे म्हणू नये की सगळा मनाचाच खेळ आहे, मग कायदा कशाला. मृगजळ पाहणारा त्यापायी दुसऱ्याला पाणवठ्यावरून हाकलत असेल, तर त्याचा हात धरावाच लागतो. संविधानाचे सतरावे कलम त्यासाठीच आहे. मात्र कायदा हात धरतो. डोळ्यांमागची खूण पुसायला दुसरा अभ्यास लागतो.

आणि ती खूण फक्त त्यांच्याच मनात आहे काय? मी कॉलेजात असताना आजीला घेऊन इंदापूरच्या बाजारात गेलो होतो. ऊन फार होते. एका दुकानदाराने आपणहून पाण्याचा पेला पुढे केला. आजीने तो घेतला नाही. ती खाली वाकली आणि तिने ओंजळ धरली. दुकानदार तरुण होता, त्याला काही कळेना. त्याने त्या दिवशी विटाळ पाहिला नव्हता, तो माझ्या आजीने पाहिला होता. आमच्या घरी बुद्धवंदना रोज होत असे.

मला राग आला, लाजही वाटली. वाटेत मी तिला बरेच बोललो. आता वाटते की ते बोलणे चुकीचे होते, कारण राग हीसुद्धा माझ्या मनाने मारलेली खूणच होती. स्पर्श झाला, वेदना उठली, आता मन नाव देऊ पाहत आहे, एवढे त्या क्षणी दिसले तरी पुढचा पसारा थांबू शकतो. स्मृतीचा, म्हणजे जागे राहण्याचा, अभ्यास तो हाच. तो मला तेव्हा ठाऊक नव्हता.

घरी आल्यावर आजी बराच वेळ आपले तळहात पाहत बसली. मग म्हणाली, "मी न्हाई रं ववंजळ धरली. हातच आपसूक जुळलं."

त्यानंतर कोणी पाणी दिले की ती क्षणभर थांबायची. हातांकडे पाहायची. मग पेला घ्यायची.