उत्तर ऐकण्याची तयारी

पुणे

चि. भाचीस,


तू जर्मनच्या वर्गात नाव घातलंस आणि नर्सिंगचं शिक्षण पुरं झालं की जर्मनीला जायचं ठरवलंस, याचा मला मनापासून आनंद आहे. पहिल्या पातळीच्या पुस्तकांत रस्ता विचारण्याचा धडा हमखास असतो. विद्यार्थी तो भराभर संपवतात, कारण प्रश्न चटकन पाठ होतो: ‘एन्टशुल्डिगुंग, वी कोमं इश त्सुम बानहोफ?’ म्हणजे, माफ करा, स्टेशनला कसं जायचं? पण प्रश्न आला म्हणजे धडा आला, असं समजू नकोस. या धड्यावरची मेहनत प्रश्नावर कमी आणि उत्तरावर जास्त कर. प्रश्न घरून तयार करून नेता येतो. उत्तर मात्र समोरच्याच्या वेगाने, त्याच्या गावच्या उच्चारात येतं आणि रस्ता सापडायचा तो त्यातूनच. शिवाय प्रश्न जितका सफाईदार, तितका समोरच्याचा समज पक्का होतो की हिला भाषा येते. मग तो हात राखून बोलत नाही.

उत्तरात अवघड काय असतं? उजवं, डावं, सरळ हे शब्द अवघड नाहीत. रेश्ट्स, लिंक्स, गेराडेआउस एका संध्याकाळी पाठ होतील. अडचण वाक्याच्या शेवटाशी आहे. जर्मनमधली कितीतरी क्रियापदं दोन तुकड्यांत बोलली जातात आणि अर्थ ठरवणारा छोटा तुकडा अगदी शेवटी येतो. ‘श्टाइगेन झी आम मार्क्टप्लाट्झ...’ एवढं ऐकून बाजारचौकाशी काहीतरी करायचं आहे इतकंच कळतं. शेवटी ‘आउस’ आलं तर तिथे उतरायचं, ‘उम’ आलं तर गाडी बदलायची, ‘आइन’ आलं तर तिथे चढायचं. नकाराचंही तसंच. ‘ही बस तुम्ही घ्या’ असं वाटत असतानाच शेवटी ‘निश्ट’ येतं आणि सगळं उलटं होतं. ओळखीचं नाव कानावर पडलं की नवशिका सुटकेचा निःश्वास टाकतो आणि ऐकणं थांबवतो. चूक नेमकी तिथे होते. यात आपल्याला मराठीचा एक आधार आहे. ‘त्या गल्लीतून जाऊ’ इथवर ऐकून आपण निघत नाही. पुढे ‘या’ येतं की ‘नका’, याची वाट पाहतो. वाक्य संपेपर्यंत कान उघडा ठेवण्याची ही सवय इंग्रजीच्या वळणाने जर्मन शिकताना हरवते, ती हरवू देऊ नकोस. आकड्यांचंही असंच आहे. सत्तेचाळीसमध्ये सात आधी आणि चाळीस नंतर, तसंच जर्मन ‘झीबेनउंटफीर्त्सिश’मध्ये. फोर्टी-सेव्हन मनात आणून उलटं करत बसलीस तर घर क्रमांक 47 चा 74 होईल. दोन आणि तीन यांचे उच्चार कानाला सारखे वाटतात, म्हणून फोनवर आणि घोषणांत दोनाला ‘त्स्वाय’ऐवजी ‘त्स्वो’ म्हणतात, तेही आत्ताच कानात बसवून घे.

दुसरा फरक रस्ता सांगण्याच्या पद्धतीचा. पुण्यात आपण खुणेवर चालतो: अलका टॉकीजचा चौक, नळस्टॉप, गुडलक. सदाशिव पेठेतला घर क्रमांक पत्रावर लिहायला ठीक, पण त्यावरून घर शोधायला कोणी निघत नाही. जर्मनीत रस्त्याचं नाव आणि घराचा आकडा हाच आधार असतो. बहुतेक ठिकाणी सम क्रमांक एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला. बर्लिनच्या काही जुन्या रस्त्यांवर, उदाहरणार्थ कुरफ्युर्स्टेनडामवर, क्रमांक एका बाजूने वाढत जातात आणि पलीकडून परत येतात. खुणांऐवजी रस्ते मोजायचे, म्हणून तिकडच्या उत्तरात ‘दुसरा रस्ता डावीकडे’, ‘तिसऱ्या सिग्नलला उजवीकडे’ असे क्रमवाचक शब्द ओळीने येतात. खुणेची वाट पाहणारा आपला कान ते निसटू देतो. या सवयीवर मुद्दाम काम करावं लागेल.

तू म्हणशील, हातात फोन असताना हे कशाला? फोन रस्त्यापुरता चांगलाच आहे, तो वापर. पण गाडी ऐन वेळी दुसऱ्या फलाटावरून सुटणार असल्याची घोषणा, रुळाच्या कामामुळे गाडीऐवजी बस कुठून सुटते, मोठ्या इस्पितळात क्ष-किरण विभाग कोणत्या मजल्यावर, हे माणसाकडूनच कळतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तिकडे इंग्रजी चालते. बर्लिन-म्युनिकमध्ये, तरुणांशी बोलताना, बरीच चालते, हे मी नाकारत नाही. पण तू पर्यटक म्हणून निघालेली नाहीस. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने कुशल मनुष्यबळासाठी करार केला तो बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी, आणि तिथल्या लहान गावांतले वृद्ध ‘इस्ट’ला ‘इश्’ म्हणणारी आपली बोली बोलतात. परिचारिकेकडे साधारणपणे बी 2 पातळी मागतात ती उगीच नाही. इस्पितळाच्या वॉर्डात रस्ता विचारणारी तू नसशील. काठी टेकत आलेल्या आजोबांना लिफ्ट कुठे, हे तुलाच सांगावं लागेल. आज ऐकून मुरलेलं उत्तर उद्या तुझ्याच तोंडून निघायचं आहे.

परीक्षेचं म्हणशील, तर बोट क्लब रोडवरच्या माक्स म्युलर भवनात होणाऱ्या ए 1 परीक्षेतही हाच प्रकार आहे. ऐकण्याच्या तीन भागांपैकी पहिला आणि तिसरा दोनदा ऐकवतात. मधल्या भागातल्या घोषणा एकदाच.

आता सराव कसा करायचा ते सांगतो. एका मैत्रिणीला रानडे इन्स्टिट्यूटच्या दारापासून अलका चौकापर्यंतची वाट जर्मनमधून सांगायला लाव: गुडलकपर्यंत सरळ, मग डेक्कनकडे, खंडोजीबाबा चौकातून लकडी पुलावरून पलीकडे. तू लिहून घेऊ नकोस. ऐकून झाल्यावर ‘आल्झो’ म्हणून तीच वाट तुझ्या मोडक्या वाक्यांत तिला परत सांग. बरोबर असेल तर ती ‘गेनाउ’ म्हणेल, चुकलं तर तिथेच दुरुस्त करेल. खऱ्या रस्त्यावरही हेच कर. ऐकलेलं परत म्हणून दाखवणाऱ्याला माणसं थांबून नीट सांगतात, आणि नुसतं मान डोलावून ‘डांकं’ म्हणणारी कळलं नसतानाही निघून जाते. ‘त्सुम’च्या जागी ‘त्सुर’ गेलं तर लाजू नकोस. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत, फक्त आपला पूल पुल्लिंगी आणि त्यांचा स्त्रीलिंगी. ते हळूहळू बसेल, आणि त्या चुकीने कोणी वाट चुकत नाही. अनोळखी मोठ्या माणसाला मात्र ‘डू’ म्हणू नकोस, ‘झी’च म्हण. त्याने ‘इश बिन निश्ट फोन हियर’, मी इथला नाही, असं सांगितलं तर आभार मानून पुढच्याला विचार. सुरुवातीलाच ‘इश लेर्नं नोख डॉइच, बिटं लांगझाम’, मी अजून शिकते आहे, जरा हळू बोला, एवढं सांगायला विसरू नकोस.

पहिल्या सरावाचं काय झालं ते कळव.

तुझा,
मामा