छायाचित्रांचा संग्रह आणि संपादन-प्रणालीची निवड

म्हैसूरला विजयादशमीच्या दिवशी निघणाऱ्या मिरवणुकीस जंबू सवारी म्हणतात. चामुंडेश्वरीची मूर्ती असलेला सोन्याचा हौदा वाहणारा हत्ती हा तेथील छायाचित्रकारांचा सर्वांत आवडता विषय होय. २०१२ ते २०१९ पर्यंत हा मान अर्जुनाकडे होता. २०२० मध्ये तो अभिमन्यूकडे आला. डिसेंबर २०२३ मध्ये रानटी हत्तीशी झालेल्या झुंजीत अर्जुन मरण पावला, आणि त्याच्या छायाचित्रांचे मोल साहजिकच वाढले. परंतु झूल पांघरलेला, कपाळ रंगविलेला हत्ती नेमका कोणता, हे नुसत्या चित्रावरून परक्या माणसाला ओळखता येत नाही. कॅमेऱ्याने नोंदलेल्या तारखेचा थोडा आधार मिळतो खरा. पण जुन्या कागदी छायाचित्राची स्कॅनरवर प्रत काढली, तर तिच्यावर स्कॅन केल्याची तारीख पडते. हत्तीचे नाव कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. ते कोठे लिहिले जाते, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून संपादन-प्रणालीची निवड करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘सॉफ्टवेअर’ या शब्दासाठी मराठीत ‘आज्ञावली’ आणि ‘प्रणाली’ असे दोन्ही शब्द वापरले जातात. येथे दुसरा घेतला आहे, कारण आपल्यासमोर केवळ चित्र सुधारण्याचे साधन नसून चित्रे आणि त्यांची नोंदवही एकत्र सांभाळणारी व्यवस्था आहे. उजेड वाढविणे, कडा कापणे, रंग सावरणे ही कामे आजच्या बहुतेक प्रणाली समाधानकारकपणे करतात. हौशी माणसाने त्यांतील तरतमभावात फार वेळ दवडू नये.

अशा प्रणालींपैकी अनेक मूळ चित्राला हात लावीत नाहीत. ‘उजेड इतका वाढवा, डावी कडा इतकी कापा’ अशा सूचनांची यादी त्या जवळ ठेवतात आणि चित्र दाखविताना ती अमलात आणतात. चित्राचे शीर्षक, व्यक्तींची नावे, शोधशब्द आणि पसंतीचे तारे हेही असेच कोठेतरी नोंदले जातात. नोंदीची ठिकाणे मुख्यतः तीन : प्रणालीची स्वतःची सूची, चित्राची फाइल, किंवा चित्राशेजारी ठेवलेली छोटी पूरक फाइल. शेवटच्या दोन ठिकाणांसाठी एक्सएमपी ही नोंदपद्धती ॲडोबी कंपनीने २००१ मध्ये आणली, आणि २०१२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्यामुळे एका प्रणालीत लिहिलेले शीर्षक दुसरीला वाचता येते. सुधारणांच्या सूचनांचे मात्र तसे नाही. त्या ज्या प्रणालीने लिहिल्या तिलाच पुरतेपणी कळतात.

याचा अर्थ काय, हे ॲपल कंपनीच्या ‘ॲपर्चर’च्या ग्राहकांना चांगलेच उमगले. ही प्रणाली २००५ मध्ये बाजारात आली. जून २०१४ मध्ये तिचा विकास थांबविल्याचे कंपनीने जाहीर केले आणि २०१५ मध्ये विक्रीही बंद झाली. ‘लाइटरूम’मध्ये संग्रह हलविण्याची सोय ॲडोबीने करून दिली. तिच्यातून शीर्षके आणि शोधशब्द आले. वर्षानुवर्षे केलेल्या सुधारणा दुरुस्त करता येण्याजोग्या रूपात आल्या नाहीत. गूगलने ‘पिकासा’ २०१६ मध्ये बंद केली. या दोन्ही प्रणाली आपापल्या काळी उत्तमच होत्या, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे.

लाइटरूम क्लासिक सर्व नोंदी प्रथम आपल्या सूचीत ठेवते. त्या एक्सएमपीमध्येही आपोआप लिहिल्या जाव्यात अशी सोय तिच्यात आहे, पण ती मुळात बंद असते आणि वापरणाऱ्यास चालू करावी लागते. ती चालू केल्यावरही चित्रांचे गट आणि आभासी प्रती सूचीतच राहतात. वर्गणी संपल्यास संग्रह पाहता येतो, सुधारणा करण्याचा विभाग मात्र बंद होतो. ‘डार्कटेबल’ ही विनामूल्य प्रणाली पूरक फाइल आपण होऊन लिहिते. ‘डिजिकॅम’ हीदेखील विनामूल्य असून संग्रह लावण्यात तिचा हात विशेष चालतो. संपादित चित्र ती स्वतंत्र आवृत्ती म्हणून जतन करू शकते. त्यामुळे जागा अधिक लागते, पण ती आवृत्ती कोणत्याही संगणकावर उघडते. घरगुती संग्रहासाठी हा सौदा वाईट नाही.

देवनागरीत नोंदी करणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. वृत्तसंस्थांसाठी १९९० च्या दशकात रूढ झालेली आयपीटीसीची जुनी पद्धती अनेक प्रणाली आजही सोबत वापरतात. तिच्यात एका शोधशब्दाला ६४ बाइटांची मर्यादा आहे. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला, काना-मात्रेलासुद्धा, तीन लागतात. ‘म्हैसूर दसरा जंबू सवारी’ ही अक्षरे मधल्या जागा धरून ६३ बाइट व्यापतात. पुढे एक अक्षर वाढले की या जुन्या नोंदीत ते मावत नाही. यास्तव शोधशब्द आखूड ठेवावेत आणि सविस्तर मजकूर शीर्षकाखाली लिहावा.

गावाच्या नावाचाही असाच घोळ होतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून इंग्रजी व्यवहारात ‘मायसोर’ जाऊन ‘मैसूरु’ आले. मराठी माणूस ‘म्हैसूर’च लिहितो. एकाच कुटुंबाच्या संग्रहात तिन्ही रूपे आढळतील आणि एका रूपाने शोधल्यास इतर दोन रूपांची चित्रे दडून राहतील. लाइटरूममध्ये शोधशब्दाला पर्यायी शब्द जोडता येतात. ज्या प्रणालीत ही सोय नसेल तेथे एकच रूप ठरवून पाळावे.

निवड पक्की करण्यापूर्वी वीस चित्रांवर प्रयोग करावा. देवनागरीत शीर्षके लिहावीत, काहींना तारे द्यावेत, दोन-चार चित्रांच्या कडा कापाव्यात. मग तीच चित्रे पूरक फाइलींसह दुसऱ्या प्रणालीत उघडून पाहावीत. ‘अर्जुन’ हे नाव तेथे दिसले नाही, तर पहिल्या प्रणालीत नोंदी फाइलीत लिहिण्याची सोय आहे काय ते शोधावे. ती नसल्यास ती प्रणाली बाजूला ठेवावी. चित्रांची फोल्डरे प्रणालीच्या बाहेरून हलविली किंवा त्यांची नावे बदलली, तर तिला ती सापडतात काय, हेही याच वेळी तपासावे. तसेच, सूचीची राखीव प्रत काढण्याविषयी लाइटरूम वेळोवेळी विचारते. त्या प्रतीत केवळ सूची असते, छायाचित्रे नसतात. त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर आपणच काढावयाची असते.