गुळाचाही हिशेब ठेवावा

ज्या पदार्थाच्या अंगी काही गुण खरोखरच असतात, त्याच्याविषयीची चुकीची समजूत अधिक काळ टिकते आणि अधिक अपाय करते, असे माझे आता निश्चित मत झाले आहे. आणि ते मत होण्यास ओट्सची बिस्किटे कारण झाली. गेल्या काही वर्षांत अमरावती-अकोल्याकडील मध्यमवर्गीय घरांतून मैदा, वनस्पती तूप आणि साखर यांची हकालपट्टी करून ओट्स, गूळ, खजूर व मध यांची बिस्किटे करण्याची जी प्रथा रुजली आहे, तिच्या मुळाशी असलेला हेतू निःसंशय चांगला आहे. दिवाळीच्या तोंडावर मैदा, रवा, तूप आणि पिठीसाखर घरून घेऊन बेकरीच्या भट्टीवर जाणे, पाळी येईपर्यंत तेथेच ताटकळणे आणि ऊन ऊन नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणणे, हा आमच्या पिढीचा परिपाठ होता; त्या नानकटाईतील तुपा-साखरेचे प्रमाण आठवले म्हणजे आजच्या सुना-मुली करीत असलेल्या विचाराचे कौतुकच वाटते. परंतु साखर वर्ज्य केली एवढ्यानेच पदार्थ पथ्याचा ठरतो, अशी जी भावना या प्रथेबरोबर घरोघरी शिरली आहे, तिच्यापायी आमच्या घरी जे घडले ते चार लोकांच्या कानी घालणे मला कर्तव्य वाटते.

माझे सासरे, ज्यांना आम्ही सारेच मामाजी म्हणतो, मधुमेहाचे जुने रुग्ण आहेत. उभी हयात सरकारी कचेरीत गेली असल्यामुळे औषधाची वेळ, सकाळचे फिरणे आणि ताटातील भाकरीची मर्यादा या सर्वांचा बंदोबस्त त्यांनी स्वतःच लावून घेतला होता आणि तो कित्येक वर्षे बिनचूक चालला होता. अशात अकोल्याच्या एका नातलगांनी तेथील प्रदर्शनातून ओट्सच्या बिस्किटांचा डबा आणला. डब्यावर ठळक अक्षरांत ‘साखर नाही’ असे छापलेले, बिस्किटे खुसखुशीत आणि चव खरोखर सुरेख. पहिला डबा संपला तसा दुसरा मागविला गेला, आणि पाहता पाहता सकाळच्या चहाबरोबर दोन, दुपारच्या चहाबरोबर दोन आणि निजण्यापूर्वी एखादे, असा नवा शिरस्ता पडून गेला. कोणी हटकले तर मामाजींचे उत्तर ठरलेले असे, “साखर त नाईच न त्यात, मंग कायचं भेव?” पुढील तपासणीत रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी चांगलीच चढलेली आढळली. खाण्यात नवे काय आले, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा काहीच नाही, असे मामाजींनी मनापासून सांगितले. कारण जे पथ्य म्हणून खाल्ले जात होते, ते कुपथ्याच्या खात्यावर मांडण्याची कल्पनाही त्यांना शिवली नव्हती. बोलता बोलता बिस्किटांचा उल्लेख निघाला, दुसऱ्या दिवशी डबा दवाखान्यात गेला, आणि डॉक्टरांनी तो उलटा करून मागच्या बाजूची बारीक अक्षरे आम्हांला वाचावयास लावली. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी असा नियम आहे. त्या यादीत ओट्सच्या पाठोपाठ गूळ होता आणि गुळाच्या पाठोपाठ खजूर.

शुद्ध साखर म्हणजे जवळजवळ निव्वळ सुक्रोज. गुळात सुक्रोजचे प्रमाण साधारण ६५ ते ८५ टक्के, शिवाय ग्लुकोज व फ्रुक्टोज मिळून आणखी १० ते १५ टक्के, आणि उरलेल्या भागात ओलावा व खनिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या आणि सर्वमान्य कोष्टकात १०० ग्रॅम साखरेचे उष्मांक ३९८ आणि तेवढ्याच गुळाचे ३८३ दिलेले आहेत. म्हणजे ज्या अदलाबदलीचा एवढा गवगवा होतो, तिच्यातील बचत १५ उष्मांकांची. गुळात लोह आणि इतर क्षार आहेत हे खरे. परंतु एका बिस्किटात जाणाऱ्या गुळातून मिळणारे लोह नाममात्र असते, आणि त्यासाठी गूळ वाढवीत जाणे म्हणजे आण्याच्या लाभासाठी रुपयाचा खर्च करणे होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केलेली शिफारस अशी, की पदार्थात वरून मिसळलेल्या शर्करेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांवर आणावी. २००० उष्मांकांचा आहार धरला तर ही मर्यादा अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅमची होते, आणि मध, गूळ, काकवी ही सर्व याच हिशेबात धरावयाची असतात. आता घरोघरी फिरणाऱ्या कृतीकडे पाहावे. २० बिस्किटांस २०० ग्रॅम गूळ हे प्रमाण मुळीच दुर्मिळ नाही. म्हणजे बिस्किटामागे १० ग्रॅम, आणि दिवसाकाठी पाच बिस्किटे पोटात गेली तर ५० ग्रॅम गूळ. ही मोजदाद निरोगी माणसासाठी झाली. मधुमेह्याच्या बाबतीत खजुराची शर्करा, ओट्स व पिठातील पिष्ट, हे सारेच हिशेबात येते.

ओट्सच्या गुणांची कैफियतही अशीच तपासून घ्यावी. त्यांत बीटा-ग्लुकान नावाचा विद्राव्य तंतू असतो, तो आतड्यात बुळबुळीत रूप धारण करून साखरेचे शोषण मंदावतो व रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविण्यास साहाय्य करतो, हे शास्त्रसंमत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली याच आधारावर ओट्सविषयीच्या दाव्यास मान्यता दिली. मात्र त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात जावे लागते, आणि ओट्समध्ये ते साधारण ४ टक्के असल्यामुळे त्याकरिता ७५ ग्रॅम ओट्स खावे लागतात. एका बिस्किटात ५ ग्रॅम ओट्स असले तर ती भरपाई करण्यास १५ बिस्किटे लागतील, आणि त्यांबरोबर बाराशेहून अधिक उष्मांक शरीरात जमा होतील. ज्यास ओट्सचा लाभ हवा, त्याने सकाळी त्यांची खारी पेज किंवा भाज्या घातलेला उपमा करावा. बिस्किटाकडे गोड पदार्थ म्हणूनच पाहावे, आणि तो गोड पदार्थ अधिक चांगला कसा होईल एवढाच विचार करावा.

तो विचार मी पुढे बराच काळ केला, कारण मामाजींचा चार वाजताचा चहा अगदी कोरडा ठेवणे माझ्या जिवावर येत होते. अनेक वेळा करून पाहिल्यावर जे प्रमाण स्थिरावले ते असे: ओट्स १०० ग्रॅम, ज्वारीचे पीठ ८० ग्रॅम, भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट ४० ग्रॅम, साजूक तूप ६० ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ ५० ग्रॅम, जवसाची पूड १० ग्रॅम, अर्धा चमचा बेकिंग पावडर, सुंठ, वेलची आणि चिमूटभर मीठ. यात २० बिस्किटे होतात. प्रत्येकी गूळ अडीच ग्रॅम आणि उष्मांक सुमारे ८० ते ८५. गूळ एवढा कमी केल्यावर गोडी फिकी पडेल ही भीती वाटते, परंतु मिठाची चिमूट, सुंठीचा तिखटपणा आणि भाजलेल्या दाण्याचा वास जिभेची समजूत पुष्कळ अंशी पटवितात, आणि आठ-पंधरा दिवसांत जीभच त्या गोडीला सरावते.

ज्वारीची निवड मी केवळ अभिमानापोटी केलेली नाही. ओट हे आपल्याकडे मुख्यतः हिरव्या चाऱ्याचे पीक, आणि दुकानात मिळणारे ओट्स ज्वारीच्या मानाने पुष्कळ महाग. उलट ज्वारी हे वऱ्हाडचे अन्न, जे कपाशीच्या आणि पुढे सोयाबीनच्या विस्तारात शिवारातून मागे हटत गेले. ज्या अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून उभे आहे आणि जेथे ज्वारीच्या संशोधनाचे स्वतंत्र केंद्र चालते, तेथील घरांनी पौष्टिकतेसाठी सर्वस्वी परक्या धान्यावर विसंबावे हे मला तरी पटत नाही. ज्वारीने बिस्किटास रवाळ खुसखुशीतपणा येतो. मात्र तिच्यात गव्हासारखा चिकटा नसल्यामुळे नुसत्या तिच्या भरवशावर राहिल्यास बिस्कीट हातात घेताच भुगा होते. येथे जवस कामी येतो. जवसाची पूड तीन चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजविली की तिला बुळबुळीत चीक सुटतो आणि तोच सर्व मिश्रणास एकत्र धरून ठेवतो. पीठ मात्र गिरणीवरून ताजे दळून आणलेले हवे. विरी गेलेल्या पिठाची जशी भाकर थापता येत नाही, तशीच बिस्किटेही धड होत नाहीत.

कृतीतील खाचखळगे कारणांसह ध्यानी ठेवावेत. ओट्स पोह्यांसारखे चपटे असावेत. झटपट शिजणारे मसालेदार पाकीट घेऊ नये. ओट्स कोरडेच मंद आचेवर भाजून अर्धे भरड करावे, पीठही हलके परतून घ्यावे, म्हणजे कच्चट वास जातो. गूळ तुपात मिसळण्यापूर्वी दोन-तीन चमचे दुधात विरघळवून गाळून घ्यावा. तसाच घातल्यास त्याचे खडे भाजताना वितळून तळाशी काळे डाग पडतात. फार पिवळाधमक गूळ रसायनाने उजळविलेला असण्याचा संभव असतो, म्हणून काळसर गूळ पसंत करावा. मिश्रण अर्धा तास झाकून ठेवावे, म्हणजे ओट्स ओलावा पिऊन घेतात आणि बिस्किटे थापताना कडा फाटत नाहीत. आमच्याकडील उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा तूप पातळच राहते आणि भट्टीत शिरताच बिस्किटे पसरून एकमेकांस चिकटतात. अशा दिवसांत थापलेली बिस्किटे थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून मगच भाजावी.

भाजण्याच्या बाबतीत सर्वांत मोठी दक्षता आचेची. गुळातील ग्लुकोज-फ्रुक्टोजमुळे अशी बिस्किटे साखरेच्या बिस्किटांपेक्षा लवकर लाल होतात. तेव्हा ओव्हन १६० अंशांवर आधी तापवून १५ ते १८ मिनिटे पुरतात. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर देऊन, त्यावर तिवई व ताटली ठेवून, घट्ट झाकणाखाली मंद आचेवर तेच काम थोड्या अधिक वेळात होते. बाहेर काढताना बिस्कीट मऊ लागते म्हणून पुन्हा आत ढकलू नये. कडा तांबूस झाल्या की काढावे, ते निवताना आपोआप कडक होते, आणि गरम असताना हलविल्यास मोडते.

साठवणीची तजवीज ऋतूप्रमाणे करावी. गूळ हवेतील ओलावा ओढून घेतो, म्हणून पावसाळ्यात ही बिस्किटे दोन दिवसांत सादळतात; पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या बरणीत भरावी आणि थोडीथोडीच करावी. जवसाची पूड आणि दाण्याचा कूट उन्हाळ्यात चटकन खवट होतो, यास्तव पूड आयत्या वेळी करावी, आणि बुरशीचा वास येणारा दाणा निःसंकोच टाकून द्यावा.

काही ताकिदी शेवटी स्पष्टपणे देणे भाग आहे. गुळाऐवजी मध घालणाऱ्यांनी त्याचाही हिशेब गुळासारखाच ठेवावा, आणि एक वर्षाखालील बालकास मध घातलेला कोणताही पदार्थ देऊ नये. गव्हातील ग्लुटेन ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी सुटे ओट्स वापरू नयेत, कारण दळताना व भरताना त्यांत गव्हाचा अंश मिसळण्याचा संभव असतो. कृत्रिम गोडीच्या गोळ्यांपैकी अ‍ॅस्पार्टेमची गोडी भट्टीच्या उष्णतेने नष्ट होते, म्हणून ती येथे निरुपयोगी. विकत घेताना डब्याच्या दर्शनी मजकुरावर न जाता मागील यादी वाचावी. आपल्या अन्न नियमांनुसार १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक शर्करा असलेल्या पदार्थास ‘शुगर फ्री’ म्हणता येत नाही, आणि या कसोटीस गुळाची बिस्किटे कदापि उतरू शकत नाहीत. मधुमेह्याने तर कितीही हितकर म्हणविलेले बिस्कीट सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस विचारावे, आणि त्याच्या भरवशावर औषधात स्वतः फेरफार करू नये.

डॉक्टरांनी औषधाची फेररचना केली, जुने पथ्य पुन्हा सुरू झाले आणि मामाजींचे आकडे हळूहळू पूर्वपदावर आले. डॉक्टरांच्या अनुमतीने त्यांना चार वाजता एक बिस्कीट आजही मिळते. आमच्या घरातून आता बिस्किटांचा डबा कोणाकडे जातो तेव्हा त्यावर एक चिठ्ठी चिकटविलेली असते, आणि तीत घटक, केल्याची तारीख व बिस्किटामागे गूळ किती ग्रॅम, हे लिहिलेले असते. प्रेमाने पदार्थ करून आप्तेष्टांकडे पाठविणाऱ्या प्रत्येक गृहिणीस आणि तो विकून चार पैसे मिळविणाऱ्या प्रत्येक भगिनीस माझी कळकळीची विनंती आहे की, एवढी चिठ्ठी त्यांनी अवश्य लावावी. कारण खाणाऱ्याला आपली मर्यादा पाळता यावी, यासाठी तो काय आणि किती खात आहे हे त्याला आधी कळले पाहिजे.